दोन अंशांचा हत्ती

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं झालेल्या माणसाला मत नसतं, आणि असलंच तर ते मांडायची सोय नसते. माझा चष्मा त्यांनी कुठल्याशा ट्रेमध्ये काढून ठेवला होता, गळ्याखाली निळा कागद अडकवला होता, खालच्या ओठाला लाळ ओढणारी नळी लटकवली होती आणि "काका, दुखलं तर फक्त डावा हात वर करा," असं सांगून माझ्या उरलेल्या सगळ्या भाषेचा निकाल लावला होता. चौतीस वर्षं मी बांधकाम परवानगीच्या ऑफिसात नकाशे तपासले. लोक आयुष्यभराची स्वप्नं निळ्या कागदावर काढून आणायचे आणि मी लाल पेन्सिलीने त्यावर हरकती लिहायचो. जिना अरुंद. वायुवीजन अपुरे. फेरसादर करावे. तोंड उघडं ठेवून गप्प बसण्याची मला सवय नव्हती. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांना होती. आता मी त्यांच्या जागी होतो, डोक्याकडची बाजू खाली आणि पाय वर, आणि छतातल्या दिव्याकडे बघत मनातल्या मनात त्या खोलीची उंची मोजत होतो. नऊ फूट. चालेल. मग डॉक्टरांनी खुर्ची जराशी उचलली, मान आपोआप पुढे आली, आणि समोरच्या फळीवर, प्लास्टरच्या दोन जबड्यांच्या मधे, मला माझे हत्ती दिसले.

चष्म्याशिवाय मला सहा फुटांपलीकडचं जग तपकिरी किंवा पांढरं एवढंच दिसतं. तरी ओळखले. आपलं माणूस रस्त्यात पाठमोरं असलं तरी चालण्यावरून कळतं, तसं. वीतभर उंच, दोन वीत लांब अशी एकच फळी, आणि तिच्यातून नक्षीच्या करवतीने कापलेले सहा हत्ती. एकाची सोंड दुसऱ्याच्या पोटाखाली, दुसऱ्याचं शेपूट तिसऱ्याच्या कानात. तुकडे काढायचे, विस्कटायचे, पुन्हा बसवायचे, असं ते कोडं. मधोमध आजोबा, म्हणजे मी. माझ्या पाठीला टेकून आजी, सोंडेखाली नात, आणि बाजूंना मुलगा, सून, मुलगी. जावई त्या वेळी अजून घरात यायचे होते; नंतर त्यांना फळीत जागा करून देतो म्हणालो तर म्हणाले, "बाबा, मी बाहेरूनच बरा." तेव्हा मला ती नम्रता वाटली. असे कळप मी तीन केले. पहिला बायकोला, लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा. दुसरा मुलाकडे, तिसरा मुलीकडे. तिन्ही एकाच कागदावरून कापलेले, लांबून सारखेच. कुणाचा कुठला हे फक्त मागच्या बाजूला कळतं. तिथे मी पेन्सिलीने लिहितो, कुणाला, कशानिमित्त, तारीख, आणि हाताला सवय म्हणून खाली छोटी सही. म्हणजे समोरच्या फळीवर माझ्या तीन माणसांपैकी एकाने माझं लाकूड आणून ठेवलं होतं, परक्या जबड्यांच्या सोबतीला, आणि ते कुणी हे त्या फळीच्या पाठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. उठायचं, चार पावलं टाकायची, उलटी करायची. एवढंच. मी नळीला ओवलेला होतो.

"भूल चढली का?" डॉक्टरांनी विचारलं. हे डॉक्टर चाळिशीचे, गोल, आनंदी. दुसऱ्याच्या तोंडात दोन्ही हात घातल्यावर त्यांना गप्पा सुचतात. मी डावा हात वर केला. मला म्हणायचं होतं, ते समोरचं कुणी दिलं.

"दुखतंय? अजून थोडी देतो," असं म्हणून त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं.

मी इथे यायलाच नको होतं. म्हणजे मला तसं सांगितलेलंच होतं. गेल्या वर्षी बायकोने वरचे चार दात इथे बसवून घेतले, तेव्हापासून ती अधूनमधून म्हणायची, "तुम्ही मात्र त्यांच्याकडे जाऊ नका हो, हात फार जड आहे." मी म्हणायचो, मी कुठल्याच दातवाल्याकडे जाणार नाही, आणि खरंच नऊ वर्षं गेलो नव्हतो. दातांच्या बाबतीत मी भित्रा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नातसुद्धा दात घासताना माझं उदाहरण देते. पण आज शनिवार, बायको सकाळीच मुलीकडे गेलेली, आणि दुपारी एका बदामावर माझी खालची दाढ उभी चिरली. दोन दवाखान्यांना कुलूप होतं. तिसरा हा. बाहेर फॉर्म भरून दिला तो बाहेरच्या टेबलावरच राहिला. ज्याला माझ्या तोंडात बघायचं आहे त्याला माझ्या नावाशी काय घेणं. जिना चढताना मला बायकोचं ते वाक्य आठवलं होतं आणि तिच्या काळजीने जरा बरंही वाटलं होतं. आता खुर्चीत पडल्या पडल्या त्या काळजीच्या कडा मला नीट दिसायला लागल्या. बायकोच्या तोंडात याच डॉक्टरांचे चार दात आहेत आणि ती त्याच दातांनी बदाम खाते. हात जड असता तर तिने घरी येऊन दोन दिवस सांगितलं असतं. पण असं कसं म्हणायचं. सूनही इथे येते, नातीच्या दाताला तार इथेच लावली. मुलगी एकदा येऊन गेली. संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, असा आमच्या खात्याचा नियम होता. मी सुनेपासून सुरुवात केली, कारण सुनेपासून सुरुवात करणं सोपं असतं.

करवत मला सुनेनेच आणली होती. म्हणजे वर्गणी सगळ्यांची, निवड तिची. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने मी घरी होतो. त्या तीन महिन्यांबद्दल आमच्याकडे कुणी फारसं बोलत नाही. मला तो काळ सुखाचा आठवतो. चौतीस वर्षं मी इतरांची घरं बघितली होती, माझं घर कधी तपासलंच नव्हतं. मी पट्टी घेतली, लाल पेन्सिल घेतली आणि खोलीवार निघालो. मिठाची बरणी हाताच्या टप्प्यात नाही. पंख्याचं बटण दारामागे येतं. टॉवेल वाळत घालण्याची दिशा वाऱ्याला काटकोनात नाही. यादी करून मी फ्रिजवर लावायचो, आणि बायको ती वाचून "बघते" म्हणायची. मला वाटायचं ती खरंच बघते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एका रविवारी सगळे जमले, मधे एक मोठं खोकं ठेवलेलं, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचे हात किती स्थिर आहेत, सरळ रेघ तुमच्यासारखी कुणाला जमत नाही." सून म्हणाली, "तुम्ही आम्हाला वस्तू करून द्यायच्या, बाबा. दुकानातल्या भेटवस्तूंना काय अर्थ असतो?" मुलगी म्हणाली, "आणि बाल्कनी आहेच." मी खोकं उघडलं. पायात लोखंडाचा भारीपणा असलेलं ते छोटं मशीन, त्याचा तो उंटासारखा हात, आणि दाभणाच्या दोऱ्याइतकं बारीक पातं. मला भरून आलं होतं. निरोप समारंभात ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं तेव्हा आलं नव्हतं. आज उताणं पडून तो रविवार पुन्हा बघताना मला दिसलं, की मी खोकं उघडत होतो तेव्हा बायको फ्रिजवरचे कागद काढत होती. त्याला आमच्या खात्यात बदली म्हणतात. निरोप, हार, वर्गणीतून वस्तू, आणि सोमवारपासून दुसऱ्या टेबलावर हजर.

तरी काम मला आवडलं. आवडायला लागलं. बाल्कनीला मी काचा लावून घेतल्या, चारी बाजूंनी बंद. याला परवानगी लागते; मी घेतली नाही. हॉलमधून बाल्कनीत जायचं दार जुनं, त्याची कडी बसत नाही, चौकटीत थोडी फट राहते. मी आत गेलो की बायको बाहेरून दारात काहीतरी खुपसते, टक् असा आवाज होतो, आणि दार घट्ट बसतं. बाहेर यायचं असलं की मी दोनदा वाजवतो, ती काढते. मोज्यात गुंडाळलेला एक ठोकळा असतो तिच्या हातात. मशीनचा आवाज टोचतो म्हणून, असं मी समजून होतो, आणि मला त्यात कामाचा मान वाटायचा. साहेब आत आहेत, दार लावून घ्या. आत मी पातं ताणून बसवायचो, बोटाने छेडून बघायचो, तारेसारखं वाजलं पाहिजे. आतली नक्षी कापायची तर लाकडाला आधी भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवून घ्यायचं आणि पुन्हा आवळायचं. एकदा ओवलं की लाकूड तुमच्या हातात असतं आणि तुमचं नसतं. काम अर्धं टाकून उठता येत नाही. उठलात तर ते तिथेच, मशीनच्या गळ्यात अडकून. मला हे फार आवडायचं. किल्ल्यांच्या पट्ट्या, ससे, घुबडं, चष्मा ठेवायचं नाक, मोबाईल टेकवायची मांजर, सुनेच्या आईला आरशाची चौकट, मुलीच्या साहेबांना त्यांच्या गाडीची बाजूने दिसणारी आकृती. कुणाचा वाढदिवस जवळ आला की घरात एक विशिष्ट शांतता पसरायची. मी ती उत्सुकता समजत होतो.

"जरा आवाज होईल हं," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या डोक्यात माझंच मशीन सुरू झालं. तोच सूर. फक्त या वेळी लाकडाच्या बाजूला मी होतो. तोंडातून जळक्या हाडाची वाफ निघाली, चुन्यासारखा भुगा जिभेवर बसला, आणि डॉक्टरांनी आपल्या नाकावरचा मास्क नीट केला. माझ्याकडेही मास्क आहे. मुलाने आणून दिला होता, दोन गाळण्यांचा, चांगला. एकच आणला होता. कारण मशीनवर एकच जण बसतो.

"तुम्ही मघापासून हत्तींकडे बघताय," डॉक्टर म्हणाले. "छान आहेत ना? एका पेशंटबाईंनी दिले. त्यांच्या घरातच कुणीतरी करतं म्हणे."

मी डावा हात वर केला.

"परत? काका, तुमची सहनशक्ती कमी दिसते. थांबा." तिसरं इंजेक्शन. आता उजवा गाल, अर्धी जीभ आणि नाकाची एक बाजू माझ्या ताब्यातून गेली. बाईंनी. तीन बायका, एक सही. सून असेल तर मी रागावेन, मुलगी असेल तर मी गप्प बसेन, असं मी ठरवत होतो, आणि तिसऱ्या नावापाशी ठरवणं थांबत होतं. बायकोचा कळप तिने कपाटात ठेवला आहे. मी विचारलं होतं एकदा, शोकेसमध्ये दिसत नाहीत हत्ती? तर म्हणाली, "धूळ बसते हो त्यांच्यावर, सांभाळून ठेवलेत." पुन्हा विचारलं नाही. सांभाळून ठेवलेत यावर हरकत काय घेणार.

आणि तिच्या कळपात तर एक दोष होता. तो फक्त मला ठाऊक होता. अकरा दिवस खपून मी तो पहिला कळप कापला, पॉलिश पेपरने घासला, तेल दिलं, आणि चाळिसाव्या वाढदिवसाला, लग्नाच्या, सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. नातीने एकेक हत्ती काढायला सुरुवात केली. मुलगा निघाला, सून निघाली, आजी निघाल्या. आजोबा निघेनात. मुलाने ओढून पाहिलं, मुलीने ओढून पाहिलं. "बाबा, तुम्ही काही जागचे हलत नाही बुवा," सून म्हणाली आणि सगळे हसले, मीसुद्धा. सगळं कुटुंब टेबलावर विखुरलं तरी आजोबा फळीच्या चौकटीत एकटे रुतून बसलेले. फोटो काढला गेला. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मशीनच्या टेबलाला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. टेबल दोन अंशांनी कललेलं होतं. आजोबा मी शेवटी कापले, त्यांच्याआधी मधेच केलेल्या एका मांजरीसाठी ते कलवलं होतं, परत सरळ करायचं राहिलं. इतक्या कलात कापलेला तुकडा एका बाजूला रुंद होतो आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. समोरून ओढाल तितका घट्ट बसतो. मागच्या बाजूला ढकलला तर सहज सुटतो. दोन अंशांसाठी मी लोकांचे जिने पाडायला लावले आहेत. मी टेबल सरळ केलं, पुढचे दोन कळप काटकोनात कापले, आणि बायकोला काही सांगितलं नाही. तिला कळलं नसावं, अशी माझी समजूत.

"त्या बाईंना आडवं करणं म्हणजे एक कामच होतं," डॉक्टर सांगत होते. हात माझ्या दाढेत, नजर दाढेत, गप्पा हवेत. "खुर्ची खाली केली की खोकल्याची उबळ. चार दातांना सात वेळा बोलवावं लागलं. मी म्हटलं, हा कसला खोकला? छातीच्या डॉक्टरांना दाखवलंत का? तर दाखवलंय म्हणाल्या. धूळ. लाकडाची बारीक धूळ. मिस्टर बंद बाल्कनीत दिवसभर लाकूड कापतात, आणि ती दाराच्या फटीतून घरात येते. म्हटलं, मग बंद करायला सांगा की त्यांना." इथे त्यांनी एक हत्यार ठेवून दुसरं घेतलं, आणि मी त्या दुसऱ्या हत्याराची वाट बघत राहिलो, जन्मात कुठल्या हत्याराची बघितली नसेल इतकी. "तर काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, नको हो डॉक्टर. ते बंद झालं तर ते घरात येतील."

डॉक्टर हसले. मनापासून हसले, त्यांचं पोट माझ्या खांद्याला लागलं. मी डावा हात वर केला नाही. दुखत नव्हतं, कुठेच काही दुखत नव्हतं. मी आडवा पडून खोकला आठवत होतो. तो होता. रोज होता. मशीन चालू असताना तो मशीनच्या आवाजात मिसळून यायचा, पट्टा सैल झाल्यासारखा, आणि मी दोनदा पट्टा बदललासुद्धा होता. संध्याकाळी बाहेर आल्यावर ती पाणी पीत असायची. "घसा बसलाय का?" "नाही हो, ठसका." जेवताना ठसका. फोनवर बोलताना ठसका. मुलगी तिला दर शनिवारी बोलावून घेते, "आई, येच तू," आणि मी म्हणायचो, किती माया आहे. शनिवारी ती तिथे दिवसभर झोपते, हेही मला ठाऊक होतं, म्हणजे सांगितलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाला, सुनेला, छातीच्या डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांना. चौतीस वर्षं मी लाल पेन्सिलीने वायुवीजन अपुरे असं लिहिलं, हजार वेळा तरी लिहिलं असेल, आणि चारी बाजूंनी काचा लावून, तोंडाला दोन गाळण्या बांधून, बायकोच्या श्वासात ससे कापत बसलो.

खुर्ची वर आली. चष्मा मिळाला. "तीन तास काही खाऊ नका, गाल चावू नका," डॉक्टर हात धुताना म्हणाले. मी उठलो, चार पावलं टाकली आणि कळप उचलला. उलटा केला. माझं अक्षर. बायकोला, चाळीस वर्षांबद्दल, तारीख, सही. पुन्हा सुलटा केला. मघापासून मधोमध जो पांढरा डाग दिसत होता, तो मी दिव्याचा उजेड समजलो होतो. तो हत्तीच्या आकाराचा होता. गुळगुळीत, पांढरा, थंड. आजोबांच्या जागी दातांचं प्लास्टर भरलेलं होतं, सोंडेपर्यंत बारकाईने, कडा घासून सारख्या केलेल्या.

"हे?" असं मी म्हणालो. निघाला तो निराळाच आवाज, पण बोट बरोबर जागी होतं.

"तो एक हत्ती आलाच नव्हता. हरवला असेल. म्हटलं, मोकळी जागा वाईट दिसते, भरून टाकू. सवयच लागते हो, पोकळी दिसली की हात शिवशिवतात." त्यांनी कौतुकाने त्याच्यावरून अंगठा फिरवला. "ओळखू येत नाही ना? आवडलं असेल तर तुमच्यासाठीही सांगतो त्यांना. घरात ढीग पडलाय म्हणाल्या."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही ठरवता आलं नाही. बाहेर टेबलावर माझा फॉर्म तसाच पडला होता. तो घडी करून खिशात घातला. रस्त्यात ऊन होतं, दुकानं अर्धी उघडी, आणि माझ्या चेहऱ्याची एक बाजू माझ्याबरोबर चालत नव्हती. काचेत बघितलं तर ती जरा खाली उतरलेली, दोन अंश म्हणा. ओळखीच्या इस्त्रीवाल्याने "काय साहेब, फिरायला?" असं विचारलं आणि मी हसलो, अर्धा. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होतो. ते घरात येतील. मी कुठून येणार होतो? घर माझं आहे, नकाशा मंजूर आहे, आणि चौतीस वर्षं मी रोज संध्याकाळी तिथेच येत होतो. पण येत होतो, हे खरं. सकाळी जात होतो आणि संध्याकाळी येत होतो. राहत ती होती. प्रत्येक वळणावर मी राग तयार करत होतो आणि पुढच्या वळणावर त्याच्यातून खोकला ऐकू येत होता.

घरी कुणी नव्हतं. हॉलमध्ये दुपारची शांतता, बायकोची खुर्ची, तिच्याशेजारी पाण्याचा तांब्या, आणि बाल्कनीच्या दाराच्या चौकटीत, कमरेच्या उंचीवर, मोज्यात गुंडाळलेली ती पाचर. मी बाहेरच्या बाजूने ती कधी नीट बघितलीच नव्हती. मी नेहमी आतल्या बाजूला असायचो, नाहीतर ती बायकोच्या मुठीत असायची. ओढून काढली. मोजा माझाच, तपकिरी, ऑफिसचा. आत हत्ती होता. आजोबा. सोंड जराशी झिजलेली, पाठ हाताच्या तेलाने गडद झालेली, रोज धरून धरून. एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद, फटीत बरोबर बसेल इतका. म्हणजे तिला कळलं होतं. समोरून ओढून निघत नाही, मागच्या बाजूला ढकलायचा असतो, हे कुणी न सांगता तिला कळलं होतं. चाळीस वर्षांचा सराव होता. तिने मला कळपातून काढलं, मोज्यात घातलं आणि माझी धूळ माझ्याकडूनच अडवली. उरलेला कळप घरात ठेवला असता तर मी भोक बघितलं असतं आणि नवा हत्ती कापायला बसलो असतो. म्हणून तो तिने अशा ठिकाणी नेऊन ठेवला, जिथे मी जन्मात जाणार नाही. याच्यावर घ्यायला मला एकही हरकत सापडली नाही. नकाशा निर्दोष होता.

मी बाल्कनीत गेलो. ओल्या फडक्याने जमीन पुसली, मशीन पुसलं, काचांच्या खाचांतला भुसा चमच्याने काढला. दोन पिशव्या भरल्या. त्या खाली कचऱ्यात टाकून आलो. मग आजोबांना पुन्हा मोजा घालून चौकटीत होते तिथेच खुपसलं, आणि सोफ्यावर बसलो. घरात बसलो. दहा मिनिटं बसलो. पंख्याचं बटण अजून दारामागेच होतं.

ती सहाला आली. "अहो, गालाला काय झालं?"

"दाढ. भरून आलो."

तिने चप्पल काढता काढता थांबून विचारलं, "कुठे गेला होतात?"

"बाजारातल्या नव्या दवाखान्यात," मी म्हणालो. तिचे खांदे खाली आले. चाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो ते बहुतेक ऑफिसच्या कामाने. असं नुसतं तिला बरं वाटावं म्हणून पहिल्यांदाच. जमलं.

"दुखलं का फार?"

"नाही. हात हलका आहे त्यांचा." मग मी म्हणालो, "अगं, मी म्हणतो, मशीन आता बंद करावं."

ती तांब्या उचलत होती. तो तिने पुन्हा खाली ठेवला. "का? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोण बोलणार? कंटाळा आला."

"कंटाळा कसा येईल?" तिने घाईघाईने म्हटलं. "तुमचा हात आता कुठे बसलाय. आणि दिवसभर करणार काय?"

"इथे बसेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. अशी नजर मी चौतीस वर्षं रोज बघितली होती, टेबलाच्या पलीकडून, लाल पेन्सिल खाली टेकायच्या आधीची. तिने ठसका गिळला. गळ्याची शीर हलली, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिने बाहेर पडू दिला नाही. किती मोठा सराव असेल. "नातीला तुम्ही ससा कबूल केलाय," ती म्हणाली. "आणि सुनेच्या ऑफिसातल्या बाईंना किल्ल्यांची पट्टी हवीय. आज फोन आला होता. मी हो म्हणून बसले."

अशा कुठल्या बाई नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फक्त मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगू शकत होतो. मोजा उघडून आजोबांना टेबलावर उभं करून सांगू शकत होतो. मग तिला रडू आलं असतं, मुलाला फोन गेला असता, रविवारी सगळे जमले असते, मधे एक नवीन खोकं असतं. आणि सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आणि मी सोफ्यावर, एकमेकांसमोर, हातात काही नसताना. ती खोकायला तयार होती, पण याला तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत मीही फारसा तयार झालो नव्हतो.

"मग पट्टी तरी करून टाकतो," मी म्हणालो. "तेवढी."

"करा ना. बरं वाटेल. दाढेकडचं लक्षही जाईल." तिने चौकटीतून हत्ती काढून मुठीत घेतला. मी आत गेलो, दार ओढलं. टक्.

आत सगळं स्वच्छ होतं, ऑफिस सोडायच्या दिवशी टेबल असतं तसं. काचांतून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसत होत्या, एकीलाही परवानगी नव्हती. मी स्टुलावर बसलो. लाकूड घेतलं नाही. मास्क खिळ्याला होता, तिथेच राहू दिला. गालात मुंग्या यायला लागल्या होत्या, भूल उतरत होती, आणि दाढेच्या मुळाशी कुठेतरी लांब एक ठोका सुरू झाला होता. मी कान दिला. पलीकडे खुर्ची करकरली, तांब्याचा आवाज झाला.

"अहो," दारापलीकडून ती म्हणाली, "मशीन नाही लावलं?"

आवाजात काळजी होती. ती खरी होती, हे मी चष्म्याशिवायही ओळखलं असतं.

"पातं बदलतोय," मी म्हणालो, आणि बटण दाबलं. पातं वर-खाली व्हायला लागलं, टेबलाच्या त्या छोट्या भोकातून, हवेतून, काही न कापता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. खोकला मोजत होतो. पहिल्या पंधरा मिनिटांत चार. पुढच्या पंधरांत दोन. काचा मी दोन बोटं उघडल्या. बाहेरून जरा वारा आला. निदान तासभर तरी चालवायला हवं होतं. उद्याही. नातीच्या सशाचं काय करायचं ते कुठल्यातरी दुकानात बघावं लागणार होतं, आणि मागे सही माझी करावी लागणार होती.

"आज आवाज हलका येतोय," ती पलीकडून म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "लाकूड मऊ आहे."